हजर पर्वतातील दोन दिवस

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या फेब्रुवारीत, २२ व २३ तारखेला, आपल्या मंडळातील कुटुंबांनी हजर पर्वतात जी पदभ्रमंती केली, तिचा वृत्तांत सांगावा व वैद्यकीय दृष्टीने चार गोष्टीही सांगाव्यात, अशी आज्ञा कार्यवाहांनी केली आहे. वृत्तांत थोडक्यात उरकून औषधपाण्याकडे वळावे असा आमचा विचार होता. परंतु त्या रात्री तंबूपाशी मुलांमध्ये जी चर्चा झाली, ती सांगितल्यावाचून हा वृत्तांत पुरा होणार नाही.

प्रथम स्थळाविषयी. संयुक्त अरब अमिरात म्हटले की वाळू, उंच इमारती आणि समुद्र एवढेच चित्र गावाकडील मंडळींच्या डोळ्यांसमोर येते. येथे वीस-वीस वर्षे काढलेल्या आपल्यापैकी कित्येकांनीही पूर्वेकडील डोंगर कधी जवळून पाहिलेले नाहीत. वास्तविक रास अल् खैमामधील जबल जैसची उंची सुमारे १९०० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा (१६४६ मीटर) बरीच अधिक आहे. ‘हजर’ म्हणजे अरबीत दगड. हे नाव सार्थ आहे. आम्ही गेलो त्या शौका परिसरातील खडक काळपट तपकिरी. भूगर्भशास्त्रज्ञांच्या मते तो मुळात समुद्रतळाचा खडक असून सुमारे साडेनऊ कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर रेटला गेला. आपल्या सह्याद्रीचा कातळ लाव्हारसाचा व त्याहून तरुण, सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. त्या तरुण कातळात आपल्या पूर्वसूरींनी कार्ले, भाजे, कान्हेरी, जुन्नर येथील लेणी कोरली. येथील खडक इतका फुटीर आहे की त्यात कोनाडाही धड कोरता येणार नाही. पायाखालचा दगड निसटतो, म्हणून बूट घोट्यापर्यंतचे हवेत. चपला घालून आलेल्या दोघा बंधूंना पहिल्या तासातच परत फिरावे लागले.

जाताना मलिहाच्या मैदानात घाफची झाडे दिसली. बसमधील बहुतेकांना हा परदेशी वृक्ष वाटला. अमिरातीने २००८ साली राष्ट्रीय वृक्ष म्हणून घोषित केलेला हा घाफ म्हणजे आपली शमी, दुसरे तिसरे काही नाही. मराठवाड्यातून आलेल्या एका भगिनीने बस थांबताच शेंग हातात घेऊन ती ओळखली. पुढे वाटेत बोरीचे भाऊबंद असलेले सिद्र भेटले, बाभळीच्या कुळातील समर भेटले आणि पाणी झिरपते तेथे गुलाबी फुलांनी बहरलेली कण्हेर भेटली. कण्हेरीविषयी येथेच सांगून टाकतो. तिचे मूळ, पान, फूल, खोड सारेच विषारी असून हृदयाची गती बिघडवते. तिची काटकी भाजी ढवळावयास वा चुलीत घालावयास वापरू नये. आमच्या एका उत्साही तरुणाने चहासाठी तीच मोळी बांधून आणली होती. ती आम्ही टाकावयास लावली.

दुसरे, ‘वादी’ या शब्दाविषयी. अरबीतील वादी म्हणजे कोरड्या ओढ्याचे पात्र व त्याचे खोरे. आपली मंडळी बोलताना तिला सर्रास ‘वाडी’ म्हणतात. आपली वाडी ही माणसांच्या वस्तीची जागा, आणि ही वादी वस्ती करू नये अशी जागा, एवढा फरक ध्यानी ठेवावा. आकाश निरभ्र असताना दूरच्या शिखरावर पाऊस पडतो आणि काही मिनिटांत लोंढा खाली येतो. १६ एप्रिल २०२४ रोजी अल् ऐन भागातील खत्म अल् शक्ला येथे चोवीस तासांच्या आत २५४ मिलिमीटर पाऊस पडला. १९४९ पासूनच्या नोंदींत एवढा पाऊस नाही. त्याच सुमारास शेजारच्या ओमानमध्ये शाळकरी मुले लोंढ्यात दगावली, हे आपण सर्वांनी दूरदर्शनवर पाहिले. पावसाच्या वेळी वादी व धरणांपाशी गर्दी करणाऱ्यांस एक हजार दिरहम आणि वाहत्या वादीत गाडी घालणाऱ्यांस दोन हजार दिरहम दंड, असा नियम मे २०२३ मध्ये झाला. दंडाचे भय नको, पण पाण्याचे असावे. आमचे तंबू पात्रापासून दूर, उंचवट्यावर होते. जागा सपाट नसल्याने पाठी अवघडल्या व तक्रारीही झाल्या. त्या आम्ही ऐकून घेतल्या आणि तंबू हलविले नाहीत.

या डोंगरांत एका मराठी डॉक्टरांचे नाव वावरते आहे, हे फारच थोड्यांस ठाऊक असेल. आत्माराम सदाशिव जयकर (१८४४-१९११) हे मुंबईकडील डॉक्टर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मस्कतला ब्रिटिश एजन्सीचे शल्यचिकित्सक होते. रुग्ण तपासून उरलेल्या वेळात त्यांनी ओमानी बोलीचा व म्हणींचा अभ्यास केला, आणि या प्रदेशातील मासे, सरडे, साप, प्राणी यांचे नमुने लंडनच्या संग्रहालयास पाठविले. हजर पर्वतातील दुर्मीळ रानबकऱ्यास, म्हणजे अरबी ताहरास, १८९४ साली शास्त्रीय नाव देताना ओल्डफील्ड थॉमस यांनी जयकरांचेच नाव जोडले. येथील एका सरड्याला, एका मांडुळाच्या जातभाईला व एका विंचवालाही त्यांचे नाव आहे. आम्हांस ताहर दिसला नाही. तो आता फार थोडा उरला आहे. विंचू मात्र दिसला, तो ‘जयकरी’ होता की अन्य कोणी हे विचारण्याइतके धैर्य आम्हांस झाले नाही.

विंचवावरून आठवले. हा जयकरी विंचू आणि कोकणातील तांबडा विंचू हे एकाच प्रजातिगटातील. तांबड्या विंचवाच्या दंशाने पूर्वी कोकणात माणसे पटापट दगावत. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी ग्रामीण रुग्णालयात बसून या दंशाचा हृदयावर होणारा परिणाम अभ्यासला, प्राझोसिन हे रक्तदाबाचे साधे औषध त्यावर वापरले आणि मृत्यूंचे प्रमाण कमालीचे खाली आणले. ज्या महाडने आपल्याला १९२७ चा चवदार तळ्याचा सत्याग्रह दिला, त्याच महाडचे हे दुसरे कार्य आपल्या मुलांस ठाऊक असावे. तीच गोष्ट फुरशाची. कोकणातील फुरशाच्याच कुळातील साप या डोंगरांत दगडांखाली असतो. दंश झाल्यास जखम कापू नये, तोंडाने विष ओढू नये, दोरी आवळून बांधू नये. तो अवयव हलू न देता रुग्णास लवकरात लवकर रुग्णालयात न्यावे. दगडावर बसण्यापूर्वी काठीने आवाज करावा, आणि सकाळी बूट झटकल्यावाचून घालू नयेत.

आता पाण्याविषयी. फेब्रुवारीतील हवा थंड व कोरडी असते. घाम येतो तसा वाळतो, त्यामुळे तो आलाच नाही असे वाटते. चढ चढणाऱ्या प्रौढाने तासाला साधारण अर्धा लिटर पाणी घोट-घोट घ्यावे. लघवीचा रंग गडद झाला तर पाणी कमी पडले असे समजावे. उलटपक्षी नुसतेच साधे पाणी सतत ढोसल्याने रक्तातील क्षार घटतात आणि डोके दुखून मळमळते. यास्तव मीठ घातलेले ताक न्यावे. येथे बाजारात मिळणारे लबन उत्तम. खजूर, शेंगदाण्याचा लाडू, क्षारसंजीवनीची पुडी जवळ असावी. मधुमेही बंधूंनी, विशेषतः इन्सुलिन घेणाऱ्यांनी, खिशात साखर ठेवावी, कारण चालण्याने साखर एकाएकी उतरते. चालून आल्यावर त्यांनी तळपाय आरशात पाहावेत. बधिर पायाला फोड कळत नाही.

निघण्यापूर्वी आम्ही सर्वांचा रक्तदाब मोजला. ही अट काहींना जाचक वाटली. ‘डॉक्टरसाहेब, आम्ही लढाईला चाललो नाही,’ असेही कोणी म्हणाले. परंतु २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका बहुराष्ट्रीय अभ्यासात दक्षिण आशियाई लोकांना पहिला हृदयविकाराचा झटका सरासरी ५३ व्या वर्षी आल्याचे दिसले. इतर देशांत ते वय सुमारे ५९ होते. आम्ही स्वतः त्या वयाचे आहोत, तेव्हा हा आकडा आम्ही विसरू शकत नाही.

या तपासणीत एका बंधूचा रक्तदाब फारच वाढलेला आढळला. हे बंधू सोनापूरच्या लेबर कॅम्पमध्ये राहतात व मचाण बांधण्याचे काम करतात. डोके वर्षभर दुखत होते. दवाखान्यात गेले नाहीत, कारण कागदावर आजार चढला तर व्हिसा जाईल अशी समजूत. बंधूंनो, ही समजूत कॅम्पाकॅम्पांतून पसरलेली आहे आणि ती माणसे मारते, म्हणून येथे ध्वनिक्षेपकावरून सांगतो. निवासी परवान्यासाठीची तपासणी क्षयासारख्या संसर्गजन्य रोगांसाठी असते. रक्तदाब व मधुमेह ही परवाना नाकारण्याची कारणे नव्हेत. १ जानेवारी २०२५ पासून उत्तरेकडील अमिरातींतही खाजगी क्षेत्रातील कामगारांना आरोग्य विमा बंधनकारक झाला आहे. दुबई व अबू धाबीत तो आधीपासूनच होता. ज्यांच्याजवळ कार्ड आहे त्यांनी ते पेटीत ठेवू नये, वापरावे. त्या बंधूंना आम्ही चढू दिले नाही. खाली तळावर स्वयंपाकाची व्यवस्था त्यांनी पाहिली आणि त्यांच्या हातची आमटी हा या सहलीतील सर्वांत निर्विवाद विषय ठरला.

कॅम्पातील बंधू पहिल्या दिवशी येऊ शकले नाहीत. सरकारी सुट्टी २०२२ पासून शनिवार-रविवारी झाली असली तरी त्यांना रविवारच मोकळा मिळतो. शनिवारी रात्री पाळी संपवून, आंघोळ करून, थेट बसमध्ये बसून ते पहाटे आले. गाडी असलेली कुटुंबे आदल्या दिवशी आरामात पोहोचली होती. दोन दिवसांची सहल असे आपण म्हणतो, पण ती काहींसाठी दोन दिवसांची व काहींसाठी अर्ध्या दिवसाची होती. वर्गणी मात्र सारखीच घेतली गेली. हे कार्यकारिणीने पाहावे. चढावर हे बंधू सर्वांच्या पुढे होते. दिवसभर वातानुकूलित खोलीत बसणारी आमच्यासारखी मंडळी धापा टाकीत मागून येत होती.

पहिल्या दिवशी दुपारी धरणाच्या वरच्या बाजूस, डोहांपाशी आम्ही विसावलो. पाणी गुडघाभरच होते. तेथे मुंबई-पुण्याकडील काही मराठी कुटुंबे आधीच आलेली होती. मराठी बोल कानी पडताच दोन्हीकडे आनंद झाला. चिवडा इकडून गेला, बाकरवडी तिकडून आली. मुले एकत्र खेळू लागली. मग नेहमीचा प्रश्न आला : ‘तुम्ही कुठले?’ आणि पाठोपाठ, ‘आडनाव काय?’ विचारणाऱ्या भगिनीच्या मनात काही वाईट असेल असे आम्ही म्हणत नाही. सवयीने विचारले असेल. आपल्यातील एका चौदा वर्षांच्या मुलाने क्षणाचाही विलंब न लावता निराळेच आडनाव सांगितले. ते त्याच्या घरचे नव्हते. इतक्या सहजतेने सांगितले की ते पहिल्यांदा सांगितलेले नव्हते, हे उघड होते. त्याची लहान बहीण त्याच्याकडे पाहात राहिली.

कोणी काही बोलले नाही. परत येताना एका बागेपाशी थांबलो. खजुरांखाली जुन्या फलजचा पाट होता. डोंगराच्या पोटातील पाणी अगदी मंद उताराच्या पाटाने, कित्येक ठिकाणी भुयारातून, शेतापर्यंत आणण्याची ही रीत. पाणी शेतकऱ्यांत वेळेच्या हिशोबाने वाटले जाई. २०२० साली युनेस्कोने या परंपरेची अमूर्त वारशाच्या यादीत नोंद घेतली. जुन्नर-कान्हेरीच्या शिलालेखांत ‘पोढी’ हा शब्द येतो, तो लेण्यापाशी खोदलेल्या पाण्याच्या टाक्यासाठी. दानशूर उपासक ती टाकी भिक्षुसंघास देत. बागेच्या वृद्ध अरब मालकाने आम्हांस हाक मारून बोलाविले, कडू कॉफी व खजूर दिले. पाण्याचा जग घेऊन आला तो त्यांचा बांगलादेशी कामगार. कोणी कोणाचे आडनाव विचारले नाही. याचा अर्थ कोणता धर्म श्रेष्ठ वा कनिष्ठ असा काढण्याचे कारण नाही. घडले ते सांगितले.

रात्री जेवणानंतर कंदिलाभोवती सर्व बसले. कृष्णपक्ष असल्याने तारे विलक्षण दिसत होते, आणि थंडी अशी की आणलेल्या घोंगड्या पुरेनात. कार्यक्रमपत्रिकेत गाणी होती. परंतु एका ताईंनी पिशवीतून बाबासाहेबांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ची प्रत काढली. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली ही छोटी पुस्तिका छापली, पुढे १९९३ साली ती समग्र वाङ्मयाच्या बाराव्या खंडातही आली. शीर्षकात व्हिसा असल्याने मुलांना ती आखाती अनुभवाची वाटली असावी. ताईंनी त्यातील दोन प्रसंग मराठीत सांगितले.

पहिला १९०१ सालचा. वडिलांना भेटावयास निघालेली लहान भावंडे मसूर स्थानकावर उतरली. गाडीवान त्यांना शिवून घेईना. शेवटी दुप्पट भाड्यात गाडी त्यांनी स्वतः हाकायची व गाडीवानाने पायी चालायचे, असे ठरले. रात्री डोंगराच्या पायथ्याशी नाक्यावर मुक्काम पडला. शिदोरी होती, पण पाणी नव्हते. कोणी विचारले तर मुसलमान आहोत असे सांगा, असा सल्ला मिळाला होता. त्याप्रमाणे लहानग्या भीमरावांनी नाकेदाराला सांगून पाहिले. नाकेदाराने पाणी दिले नाही. पाणी डोंगरावर आहे, हवे तर जाऊन आणा, अशा अर्थाचे त्याचे उत्तर होते. भरल्या शिदोरीशेजारी मुले उपाशी निजली.

दुसरा १९३४ सालचा. बाबासाहेब व तीसएक सहकारी वेरूळची लेणी पाहावयास निघाले. वाटेत अडचण नको म्हणून आपण कोण हे प्रकट न करता साध्या प्रवाशांप्रमाणे जावे, असे ठरले होते. दौलताबादच्या किल्ल्याच्या दाराशी पाण्याने भरलेले तळे होते. धुळीने माखलेल्या काहींनी तेथे तोंड-हातपाय धुतले. रमजानचा महिना. एक वृद्ध गृहस्थ मागून ओरडत आले की यांनी तळे बाटविले. जमाव जमला, मंडळींस व स्थानिक अस्पृश्यांस शिव्याशाप सुरू झाले. तेव्हा बाबासाहेबांनी जमावास विचारले की, हाच तुमचा धर्म काय? अस्पृश्य उद्या मुसलमान झाला तर त्यासही तुम्ही पाणी घेऊ देणार नाही काय? जमाव गप्प झाला. पुढे किल्ला पाहू दिला, पण पाण्यास स्पर्श होऊ नये म्हणून सोबत हत्यारबंद शिपाई देऊन.

ताई थांबल्या, तोच तो मुलगा म्हणाला, “मग बाबासाहेबांनीसुद्धा ओळख लपवलीच होती की!”

हे वाक्य आम्हां मोठ्यांवर वीज कोसळावी तसे पडले. कारण ते खोटे नव्हते. एका काकांनी त्यास गप्प करण्याचा प्रयत्न केला. तो ताईंनी थांबविला. सोळा वर्षांची एक मुलगी म्हणाली, “लपवली ती वाटेत त्रास नको म्हणून. पण जमाव अंगावर आल्यावर ते काय बोलले? आम्ही ते नव्हेच, असं म्हणाले का?” मुलगा म्हणाला, “त्यांच्याबरोबर तीस माणसं होती. माझ्या वर्गात मी एकटा आहे.” यावर मुलगी काही बोलली नाही. मग मुलाची आई, जी तोवर खाली पाहात होती, ती म्हणाली की, हे आडनाव मीच त्याला शिकविले. शाळेच्या बसमध्ये एकदा काय झाले ते तिने सांगितले. ते येथे सांगण्याचा आम्हांस अधिकार नाही. तिचे पती उठून तंबूकडे गेले आणि थोड्या वेळाने परत येऊन तिच्याशेजारी बसले.

दुसऱ्या दिवशी हा विषय कॅम्पातील बंधूंच्या कानावर गेला. चढाच्या मध्यावर थांबलो असता त्यांतील एक बुलढाण्याकडील गवंडी त्या मुलास म्हणाले, “बाळा, आमच्या कॅम्पात आडनाव नाही, नंबर विचारतात. सहा वर्षांत पूर्ण नावानं मला कोणी हाक मारली नाही. तू तुझं नाव असं फुकट का देतोस?” मुलगा हसला. हसण्याचा अर्थ आम्हांस नीटसा कळला नाही. पुढचा सर्व चढ तो त्यांच्याबरोबर चालला आणि त्यांची पिशवी त्याने घेतली होती, एवढे पाहिले.

त्या मुलाचे वागणे चूक की बरोबर, याचा निवाडा करण्यास आम्ही येथे उभे नाही. आमच्या तपासणीच्या खोलीत असे तरुण येतात. पोट दुखते, झोप येत नाही, परीक्षेत हात कापतो. तपासावे तर शरीरात काही सापडत नाही. गोळी देऊन ते जात नाही. एवढे मात्र आम्हांस वाटते की, चौदा वर्षांच्या मुलाने ‘मी एकटा आहे’ म्हणावे आणि या देशात आपली एवढी कुटुंबे असावीत, यात काही तरी आपल्या मंडळाने करण्यासारखे आहे. वर्षातून एक जयंती व एक स्नेहभोजन पुरेसे नाही. मुले महिन्यातून एकदा भेटली पाहिजेत, आणि त्या भेटीत भाषणे नसावीत. आमचेही नसावे.

पुढील वर्षाची भ्रमंती रमजान व ईद पाहून ठरविण्यात येईल. मुख्य चढ रविवारी असावा, कॅम्पातील बंधूंचे बसभाडे मंडळाने द्यावे, आणि भगिनींना दोन्ही वेळ चुलीपाशी बसावे लागू नये, अशा तीन सूचना आम्ही लेखी दिल्या आहेत. यंदा दोन भगिनी तर शिखर न पाहताच परतल्या. नावनोंदणीचा तक्ता दाराशी ठेवला आहे. त्यात नाव, रक्तगट, चालू असलेली औषधे, आणि संकटसमयी कळविण्याचा दूरध्वनी क्रमांक भरावा. रक्तदाब मोजण्याचे यंत्र घेऊन आम्ही भोजनानंतर तेथेच बसणार आहोत. चाळिशी उलटलेल्यांनी निमूटपणे बाही वर करून यावे.

जयभीम! नमो बुद्धाय!